उतारावरची पाणपोई

मित्रांनो, माझ्याकडे बघत कोणी उभं राहत नाही. उभं राहण्याची जागा माझ्या शेजारी आहे, ती म्हणजे जयपुरातल्या राजा पार्कच्या बाजाराला लागून असलेला बसथांबा. थांब्याचा ओटा चांगला उंच आहे. बस नीट लागली की ओटा आणि बसचं दार एका पातळीवर येतात. त्या ओट्यावर जायला एका बाजूने पायऱ्या आहेत आणि दुसऱ्या बाजूने मी. मी एक जुना सिमेंटचा उतार आहे. लोक मला रॅम्प म्हणतात. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांनी, कुबड्या घेणाऱ्यांनी, गुडघ्यांनी संप पुकारलेल्या आजी-आजोबांनी माझ्यावरून वर जावं, एवढ्यासाठी मला जन्माला घातलं.

जन्म म्हणाल तर माझा दोनदा झाला. इथे जयपुरात घरोघरी फाटकासमोर स्कूटर चढवायला एक आखूड, खडा उतार करतात. ठेकेदाराने मलाही तसंच उभं केलं. जागा वाचली म्हणून तो खुशीत होता. मग अवनी मॅडम आल्या. त्या इंजिनिअर, वयाने लहान, पण नजर भारी कडक. त्यांनी टेम्पोतून एक चाकाची खुर्ची उतरवली आणि ठेकेदाराला म्हणाल्या, "बैठिए आप. खुद चढ़के दिखाइए."

ठेकेदार हसत हसत बसला. दोन्ही हातांनी चाकं रेटत थोडा वर गेला आणि मग जो मागे आला तो थेट वाळूच्या ढिगात. वाळू होती म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी माझ्यावर घण पडले. तेव्हा मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण नंतर मी लांबलचक झालो, सौम्य झालो, मध्ये वळणावर विसाव्याची सपाट जागा आली, दोन्ही कडांना लोखंडी कठडे आले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. देवपण राहू द्या, मला उतारपण तरी आलं.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. फीत कापली, फोटो निघाले. एक आजोबा रोज चार पायांची काठी टेकत यायचे आणि वर पोचले की माझा कठडा थोपटायचे. पण पुढे कोणीतरी माझ्या तोंडाशी स्कूटर लावली. मग तिच्या शेजारी दुसरी आली. कठड्यावर ओढण्या वाळू लागल्या. उसाच्या रसवाल्याच्या गाडीने माझ्या वळणावरची कड फोडली, ती तशीच राहिली. ज्यांना माझी गरज होती ते एकदा यायचे, स्कूटर बघायचे आणि परत फिरायचे. आणि स्कूटर लावणारे म्हणायचे, इथे येतंय कोण? मला ओरडून सांगावंसं वाटे, अरे बाबांनो, तुम्ही आहात म्हणून कोणी येत नाही! पण सिमेंटला आवाज नसतो.

अशात रत्नप्रभाकाकू आल्या. काकू मूळच्या सांगलीच्या. त्यांचे यजमान गजाननराव बँकेत अधिकारी, बदली होऊन जयपूरला आलेले. काकूंच्या सासूबाई दरवर्षी अक्षय्य तृतीयेला पाण्याचा घडा दान करायच्या. इकडे तर उन्हाळ्यात कोपऱ्याकोपऱ्यावर प्याऊ, म्हणजे पाणपोया लागतात. काकूंनी दोन्ही रीती एकत्र केल्या आणि यंदा अक्षय्य तृतीयेला थांब्यावर पाणपोई मांडली. थांब्यावर सावली एकच, शेजारच्या कडुनिंबाची, आणि ती नेमकी माझ्यावर पडते. शिवाय मी रिकामाच. काकूंनी स्वतः पुढे होऊन स्कूटरवाल्यांना हाकललं, मला झाडलं, धुतलं आणि पायथ्यापासून वळणापर्यंत मोठमोठे माठ ओळीने बसवले. खाली ओलं गोणपाट, गळ्यात झेंडूच्या माळा. लोक पाणी प्यायला येताना चपला काढून येऊ लागले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यासमोर चपला काढत होतं, मी अगदी फुशारलो.

मला मराठी कशी येते, असं तुमच्या मनात आलं असेल. काकू रोज सकाळी माठ भरताना मोठ्याने बोलायच्या. भाजीचे भाव, मुलगा अमेय फोन करत नाही, शेजारणीचं काय बिनसलंय, सगळं. त्यांना वाटायचं, आपण माठांशी बोलतोय. ऐकत मी होतो.

त्यांचे नियम मात्र कडक होते. माठात ओगराळं बुडवायचं ते फक्त त्यांनी. पिणाऱ्याने ओंजळ धरायची आणि त्यांनी लांब तोटीच्या झारीने वरून धार सोडायची. पाणी गटारात ओतायचं नाही, ते कोणाच्या तरी मुखी लागलं पाहिजे. आणि भरलेला माठ निर्जला एकादशीपर्यंत जागेवरून हलवायचा नाही. तसा त्यांनी संकल्पच सोडला होता.

आता प्रियंकाचं सांगतो. थांब्यामागच्या गल्लीत भीमराव राहतात. ते रेल्वेत सिग्नलच्या कामावर, मूळचे अकोल्याकडचे. त्यांना रेल्वेचं घर मिळत होतं, पण ते वरच्या मजल्यावर. त्यांची मुलगी प्रियंका चाकाच्या खुर्चीतून फिरते, म्हणून त्यांनी गल्लीत तळमजल्याच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. प्रियंका जयपुरातच वाढली. तिचा हात चित्रात असा बसलेला की एका रेषेत ती अख्खी वेल उभी करते. तिची चित्रं पाहून जयपूरजवळच्या बगरू गावातल्या एका कापड छापणाऱ्या कारखान्याने तिला बोलावलं. लाकडी ठशांसाठी नवे बुट्टे, म्हणजे नक्षीचे नमुने काढायचं काम होतं. मालकीणबाईंनी एकच विचारलं, "रोज आना-जाना कैसे करोगी?" प्रियंका म्हणाली, "बस से. अकेली." बाईंनी सोमवारी यायला सांगितलं. सोमवारी नाही जमलं तर दुसरी मुलगी तयारच होती.

शनिवारी ती एकटी मला बघायला आली. सरावाला आली होती म्हणा ना. येऊन बघते तर माझ्या अंगावर माठांची ओळ! ती तशीच खाली थांबली. तेवढ्यात बस आली. "अरे बेटी, हम हैं ना!" म्हणत चार भली माणसं धावली. कोणी चाक धरलं, कोणी पाय ठेवायची पट्टी धरली. ती "नहीं भैया, रुकिए, रुकिए" म्हणतेय, पण भलं करणाऱ्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी खुर्चीसकट तिला पायऱ्यांवरून उचललं. मध्येच एकाचा हात सुटला. खुर्ची कलली, प्रियंकाचं कोपर पायरीच्या कडेवर आपटलं आणि तोंडातून निघालं, "आई गं!"

काकूंनी कान टवकारले. "अगंबाई, मराठी! कुठली गं तू, बाळ?" त्या झारी घेऊन ओट्यावर आल्या आणि कोपरावर गार पाण्याची धार धरली. परक्या गावात आपली भाषा कानावर पडली की माणूस कसं विरघळतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. मग प्रियंका अडखळत म्हणाली, "काकू, हे माठ जरा साइडला घेता येतील का? मतलब, मला सोमवारपासून रोज जायचं आहे."

काकूंचा चेहरा पडला. "मांडलेलं हलवत नाहीत गं. एकादशीपर्यंत संकल्प आहे माझा. लोक उचलतात ना? इथली माणसं फार चांगली आहेत."

"चांगली आहेत," प्रियंका म्हणाली. "पण मला उचललेलं नाही आवडत." आणि बसमध्ये न चढताच ती घरी जायला निघाली. तिला पुन्हा उचलूनच खाली आणावं लागलं. मित्रांनो, शेजारी मी आडवा पडलेलो असताना तिला पायऱ्यांवरून उचलून न्यावं लागलं, याचं मला किती वाईट वाटलं ते सांगता येत नाही.

सोमवार उजाडला. प्रियंका आली ती इस्त्रीचा कुर्ता घालून, मांडीवर चित्रांची पिशवी घेऊन. सोबत भीमराव. त्यांची ड्यूटी दुपारची होती. बगरूची बस आली. भीमराव वाकले. "चाल, मी उचलून देतो तुले."

"नाही बाबा."

"आजच्या दिवस फक्त."

"आज उचललं तर रोज उचलावं लागेल. उद्या तुमची सकाळची ड्यूटी, परवा रात्रीची. मग कोण येणार? मी त्या मॅडमना अकेली म्हणून सांगितलंय."

"अवो, पोरगी ऐकूनच नाही राहिली," भीमराव हताश होऊन काकूंना म्हणाले. बस निघून गेली. पुढची बस ही शेवटची संधी होती, त्यानंतर बगरूला वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. ऊन तापायला लागलं होतं. काकू झारी घेऊन पुढे आल्या. "घोटभर पाणी तरी पी गं."

प्रियंकाचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता. "काकू, तहान लागलीय. पण मला पाणी नको. वाट द्या."

थांब्यावर कुजबुज सुरू झाली. "प्याऊ थोड़े ही हटाते हैं, पाप लगेगा," एक आजी म्हणाल्या. काकूंनी माठांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत नाही. मग एकदम त्यांनी पदर खोचला.

"भरलेला माठ हलवायचा नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या. "रिकामा तर धुवायला उचलावाच लागतो!" आणि साऱ्या थांब्याला आपल्या सांगली थाटाच्या हिंदीत हाक दिली, "आओ, आओ, सब लोग पानी पिओ! अगली बस आने के पहले सब मटका खाली होना मंगता!"

मित्रांनो, असा उत्सव मी कधी पाहिला नव्हता. रिक्षावाले आले, कॉलेजची मुलं आली, रसवाला स्वतःचा रस सोडून पाणी प्यायला आला. ज्यांना तहान नव्हती त्यांनीही पोटं भरून घेतली. बाटल्या भरल्या, डबे भरले. गाईंची कुंडी भरली, पाखरांसाठी ठेवलेल्या मातीच्या थाळ्या भरल्या. पाप लागेल म्हणणाऱ्या आजी तर दोनदा ओंजळ धरून गेल्या. एक दुकानदार बादली घेऊन आला, कूलरमध्ये घालायला. काकू कडाडल्या, "कूलर को मुँह है क्या? चलो, पीछे हटो!" सगळे खो खो हसले. प्रियंकाही हसली. एकेक माठ रिकामा होत होता, हातोहात उचलला जात होता आणि माझ्या अंगाला वारा लागत होता.

शेवटचा माठ माझ्या पायथ्याशी राहिला. त्यात अजून बरंच पाणी होतं आणि चौकातल्या सिग्नलला बगरूची बस दिसू लागली. आता कोणाच्या पोटात जागा नव्हती. प्यायले नव्हते फक्त दोघं, भीमराव आणि प्रियंका. काकू झारी भरून भीमरावांपुढे आल्या. "घ्या भाऊ, धरा ओंजळ."

भीमरावांचे हात खालीच राहिले.

"माफ करा ताई," ते हळू म्हणाले. "माह्या आज्याले गावच्या विहिरीले हात लावू देत नव्हते. वरून कोनी ओतलं तं प्यायचं, नाही तं तसंच जायचं. बा सांगे मले. म्हणून मी ओंजळ धरत नाही. आपल्या हातानं घेतो, नाही तं राहू देतो."

काकू तर सगळ्यांनाच वरून धार सोडत होत्या, त्यात त्यांचा दुजाभाव नव्हता. पण भीमरावांना काय आठवत असेल, ते त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी झारी खाली ठेवली, माठावरचं झाकण काढलं आणि ज्या ओगराळ्याला त्या दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हत्या, ते भीमरावांच्या हातात दिलं.

"घ्या, भाऊ. तुमच्या हाताने."

भीमरावांनी माठात ओगराळं बुडवलं. सावकाश, पोटभर प्यायले. मग ते प्रियंकाकडे दिलं. तिने खुर्चीतूनच वाकून माठातून पाणी घेतलं आणि प्यायली. मग ड्यूटीवर न्यायचा मोठा कॅन भीमरावांनी भरून घेतला, तिने आपली बाटली भरली आणि तळाशी उरलेलं पाणी कडुनिंबाला गेलं. "त्यालाही तहान लागतेच की," काकू म्हणाल्या. शेवटचा माठ उचलला गेला. मी मोकळा झालो.

मोकळा झालो, पण ओलाचिंब होतो. सांडलेल्या पाण्याने मी निसरडा झालो होतो. हिला मीच घसरवलं तर? पण काकूंचं लक्ष होतं. माठांखालची गोणपाटं पिळून त्यांनी ती माझ्यावर पायथ्यापासून वरपर्यंत अंथरली. प्रियंकाने चाकांवर हात ठेवले. एक रेटा, मग दुसरा. गोणपाटाने चाक धरलं आणि मी माझं सगळं अंग ताठ केलं. विसाव्याच्या जागेवर ती थांबली, कपाळ पुसलं आणि पुन्हा निघाली. मदतीला पुढे आलेले हात काकूंनी नुसत्या नजरेने मागे सारले.

बसचा ड्रायव्हर रणजीत एरवी बस रस्त्याच्या मधोमध उभी करून मोकळा होतो. त्या दिवशी थांब्यावरची सगळी मंडळी एकसुरात ओरडली, "पास लगाओ, भैया, पास!" त्याने बस ओट्याला अशी चिकटवली की मध्ये फट राहिली नाही. प्रियंका सरळ आत गेली. खिडकीतून तिने हात हलवला. भीमराव बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिले.

संध्याकाळी ते लवकर सुटी घेऊन आले आणि माझ्या पायथ्याशी उभे राहिले. काकूही होत्या. बस आली, प्रियंका ओट्यावर उतरली. कुर्त्याच्या बाहीवर नीळ लागली होती. चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं, मित्रांनो. माझ्या वळणावरची ती फुटकी कड आली आणि तिचं पुढचं लहान चाक त्यात अडकलं. खुर्चीला हिसका बसला. भीमरावांनी दोन्ही हात पुढे केले, लहान मूल पहिली पावलं टाकताना करतात तसे.

"बाबा," ती वरून म्हणाली, "हात मागे घ्या ना."

भीमरावांनी हात पाठीमागे घेतले. एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं. प्रियंकाने खुर्ची थोडी मागे घेतली, चाक सोडवलं, वळवलं आणि कठडा धरत धरत खाली आली. अगदी त्यांच्या पायाशी येऊन थांबली. तेव्हा कुठे भीमरावांनी मनगट सोडलं. तिथे बोटांचे वळ उठले होते.

"कसं झालं काम?" काकूंनी विचारलं.

"उद्या पण बोलावलंय," प्रियंका म्हणाली.

काकूंची पाणपोई आता माझ्या शेजारी, कडुनिंबाच्या बुंध्याशी आहे. चौथरा बुटका आहे आणि माठांना तोट्या बसवल्या आहेत. उभा माणूस, बसलेला माणूस, लहान मूल, ज्याने त्याने आपल्या हाताने प्यावं. अवनी मॅडमना काकूंनी फोन करून करून भंडावलं, तेव्हा माझी फुटकी कड दुरुस्त झाली. चार पायांची काठी घेतलेले ते आजोबा पुन्हा येऊ लागलेत. सगळं छान झालं असं मात्र समजू नका. आठवड्यातून एकदा तरी कोणी स्कूटर लावतोच, आणि रणजीत अधूनमधून पहिल्यासारखा मधोमध थांबतो. मग काकू आणि प्रियंका दोघी मिळून त्याची मराठीतून खरडपट्टी काढतात. त्याला शब्द कळत नाहीत, पण बस बरोबर ओट्याला लागते.

मी सुखात आहे. माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. तुमच्याही गावात थांब्यावर, स्टेशनात, शाळेत माझे भाऊबंद असतील. ते रिकामे दिसले म्हणून त्यांच्यावर काही ठेवू नका. गाडी नको, टपरी नको, अगदी पुण्याचं काम असलं तरी नको. कोणाला मदत करायची असेल तर आधी विचारा, आणि नको म्हटलं तर हात मागे घ्या. ते अवघड असतं, मी भीमरावांचं मनगट पाहिलंय.

चला, बगरूची बस सिग्नलला आली वाटतं. मित्रांनो, बाजूला व्हा बरं जरा. प्रियंकाला वर जायचंय.